भोवळ व तिचा उपचार



आमच्या एक वृद्ध मावशी दोन वर्षें पहांटेच्या मिस्सेला आल्या नाहींत. ताप नव्हता, खोकला नव्हता, म्हणून त्यांस आजारी असें कोणी मानलें नाहीं. उजव्या कुशीवर वळतांच खोली गरगर फिरे व अर्ध्या मिनिटांत थांबे. पण पडण्याच्या भीतीनें त्यांनीं उंबरठा ओलांडणेंच सोडलें. कोणी पित्त म्हणाले, कोणी अशक्तपणा. गोळ्या महिनोन्महिने चालल्या. आम्हींही "वय झालें" एवढें बोलून मोकळे झालों, याची आज लाज वाटते.

उठतांना डोळ्यांपुढें अंधारी येणें निराळें व भोंवतालचें जग फिरणें निराळें. पहिल्याचें मूळ बहुधा रक्तदाबांत, दुसऱ्याचें पुष्कळदां कानांत असतें. कान केवळ ऐकण्यासाठीं आहे असें आपण समजतों. परंतु त्याच्या अंतर्भागांत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांतील द्रवाच्या हालचालीवरून मेंदूस मस्तक वळल्याची वार्ता मिळते. शेजारच्या पिशवींत चुन्याचे अतिसूक्ष्म कण असतात. ते निसटून नलिकेंत शिरले म्हणजे मस्तक स्थिर झाल्यावरही द्रव ढवळत राहतो व मेंदू फसतो. व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांस या इंद्रियावरील संशोधनाबद्दल १९१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. वार्ता पोंचली तेव्हां ते रशियनांच्या कैदेंत होते!

हे कण गोळ्यांनीं जागेवर जात नाहींत. अमेरिकेचे डॉक्टर जॉन एपली यांनीं १९९२ सालीं सविस्तर मांडलेली रीत अशी: मान दुखऱ्या कानाकडे ४५ अंश वळवून रोग्यास उताणें निजवावयाचें, डोकें किंचित् खालीं ठेवावयाचें, मग तें दुसऱ्या बाजूस, मग सर्व अंग कुशीवर, आणि शेवटीं उठवून बसवावयाचें. कण पुन्हां पिशवींत उतरतात. मात्र कोणता कान दोषी हें डॉक्टरांनींच ठरवावें, आणि मानेचें दुखणें असल्यास तें आधीं सांगावें.

भोवळीसह कान वाजणें व ऐकूं कमी येणें हा वेगळा विकार होय. त्यास निराळा उपचार लागतो. जीभ अडखळली, एकाचे दोन दिसूं लागले, तोंड वांकडें झालें किंवा हातपाय लुळा पडला, तर मात्र कांदा हुंगवीत न बसतां तत्काळ रुग्णालय गांठावें. तेथें घटकेचाही विलंब मेंदूस महाग पडतो.

मावशींचें काम डॉक्टरांच्या खोलींत कांहीं मिनिटांत आटोपलें. आठवड्यानें एकवार पुन्हां करावें लागलें. आतां त्या उजव्या कुशीवरही निजतात. उठतांना मात्र पलंगाची कड धरतात.