नाही म्हणणाऱ्याचा रोज

बांधकाम सुरक्षेच्या या परिषदेला आलेल्या कामगारांची आजची हजेरी भरून द्यायची, हा आमच्या स्वागत समितीचा पहिला ठराव होता. रोज बुडवून कोणाला सुरक्षेवरची भाषणे ऐकायला बोलावणे आम्हाला पटले नाही.

पुण्यात जमलो आहोत, तर दोन रात्रींची आठवण काढलीच पाहिजे. २९ जून २०१९ ला कोंढव्यात भर पावसात भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली; मुलाबाळांसह १५ जण गेले. ती माणसे कामावर नव्हती, झोपेत होती. ३ फेब्रुवारी २०२२ ला येरवड्यात स्लॅबची लोखंडी जाळी रात्री अंगावर पडून ५ मजूर गेले. झोपडी कुठे घालायची, रात्री काम चालवायचे की नाही, हे मजूर कधीच ठरवत नाही.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गवंड्याने परांचीचा बांबू हलवून दाखवला. "साहेब, गाठ सैल आहे, मी चढत नाही." मुकादम म्हणाला, "नको चढू. उद्यापासून येऊही नको." मी शेजारीच उभा होतो. स्लॅबची तारीख जवळ आली होती, मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी त्याच परांचीवर त्याचा भाऊ चढला. तो पडला नाही. पण त्यानंतर त्या साइटवर कोणीही गाठ हलवून दाखवली नाही. ती चूक माझीही होती.

आता हेल्मेट आले, बेल्ट आले. पण मान वर करून बघा, बेल्ट अंगावर असतो आणि हूक लोंबत असतो, कारण तो अडकवायला दोरच बांधलेला नसतो. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असतील तिथे सुरक्षा समिती सांगितली, आणि तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत असेही सांगितले. तीस-चाळीस माणसांच्या साइटवर मात्र मुकादमाचा शब्द हाच कायदा.

म्हणून दुपारच्या सत्रात आधी कामगार बोलतील, आम्ही ऐकू. मालक आणि ठेकेदार मित्रांना माझी हात जोडून विनंती आहे. उद्या साइटवर गेलात की मुकादमाला सगळ्यांसमोर सांगा, "चढत नाही" म्हणणाऱ्याचा रोज कापायचा नाही.