कार्यक्षमता कशी मोजतात

एकूण उत्पादनाला त्यासाठी लागलेल्या निविष्ठांनी भागले की उत्पादकता मिळते. एकरी किती क्विंटल, मजुरीच्या एका दिवसामागे किती कापड, ही तिची परिचित रूपे. कार्यक्षमता मात्र तुलनेशिवाय सांगता येत नाही. हाताशी असलेल्या साधनांत जास्तीत जास्त किती पिकवता आले असते आणि प्रत्यक्षात किती पिकले, या दोहोंचे प्रमाण म्हणजे कार्यक्षमता. ‘जास्तीत जास्त’ हा आकडा आणायचा कोठून, या प्रश्नावर अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि व्यवस्थापनशास्त्र यांच्या सीमेवर एक स्वतंत्र अभ्यासशाखा उभी राहिली आहे.

या शाखेचा पाया 1957 साली घातला गेला. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ एम. जे. फॅरेल यांचा उत्पादक कार्यक्षमतेच्या मोजमापावरील निबंध त्या वर्षी लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्याआधी 1951 साली कूपमान्स आणि डब्रू यांनी सैद्धांतिक मांडणी केली होती. फॅरेल यांनी ती प्रत्यक्ष आकडेवारीवर आणली आणि उदाहरण घेतले अमेरिकेच्या 48 राज्यांतील शेतीचे. कागदावरच्या आदर्शाशी कोणाची तुलना करायची नाही. पाहणीत जे उत्तम काम करताना दिसतात त्यांच्यावरून सीमारेषा आखायची आणि बाकीचे त्या रेषेपासून किती दूर आहेत ते मोजायचे, ही त्यांची मूळ कल्पना.

एका काल्पनिक उदाहरणाने ही रीत स्पष्ट होते. समजा, एक क्विंटल ज्वारीसाठी पहिल्या शेतकऱ्याला मजुरीचे 6 दिवस आणि बैलजोडीचा 1 दिवस लागतो. दुसऱ्याला मजुरीचे 3 आणि बैलजोडीचे 2 दिवस लागतात. तिसऱ्याला मजुरीचे 6 आणि बैलजोडीचे 2 दिवस लागतात. पहिल्या दोघांच्या पद्धती निम्म्या-निम्म्या वापरल्या, तर तेवढीच ज्वारी मजुरीच्या साडेचार आणि बैलजोडीच्या दीड दिवसात निघते. तिसऱ्याच्या दोन्ही निविष्ठांचा हा बरोबर पाऊण हिस्सा आहे. म्हणून त्याची तांत्रिक कार्यक्षमता 75 टक्के ठरते. पहिल्या दोघांची 100 टक्के.

आता यात दर धरले पाहिजेत. मजुरी दिवसाला 300 रुपये आणि बैलजोडी 1,200 रुपये असेल, तर पहिल्याचा खर्च 3,000 आणि दुसऱ्याचा 3,300 रुपये होतो. दुसरा शेतकरी काहीच वाया घालवत नाही. पण बैलजोडी महाग असताना तिच्यावर जास्त विसंबतो. निविष्ठांचे मिश्रण निवडण्यातली ही त्याची कार्यक्षमता सुमारे 91 टक्के भरते. फॅरेल यांनी हे दोन घटक वेगळे केले, ही त्यांची मोठी कामगिरी. वाया घालवणे आणि चुकीचे मिश्रण निवडणे हे दोन निराळे दोष आहेत आणि त्यांवरचे उपायही निराळे आहेत.

पुढची वीस वर्षे हा विचार मंदगतीने पुढे सरकला. नंतर जवळजवळ एकाच वेळी त्याला दोन फाटे फुटले. पहिला फाटा निघाला अमेरिकेतील शाळांच्या एका अभ्यासातून. गरीब कुटुंबांतील मुलांसाठी तेथे ‘फॉलो थ्रू’ नावाचा सरकारी उपक्रम चालू होता. त्याचे मूल्यमापन करताना एडवर्डो ऱ्होड्स यांच्यापुढे अडचण उभी राहिली. वाचन, गणित आणि मुलांचा आत्मविश्वास ही तिन्ही शाळेची फलिते; यांची बेरीज कशी करायची? आत्मविश्वासाला बाजारभाव नसतो. अब्राहम चार्न्स आणि विल्यम कूपर यांच्यासह त्यांनी 1978 साली याचे उत्तर दिले. प्रत्येक शाळेला तिच्या सर्वांत सोयीचे भारांक द्यायचे. तेच भारांक इतर शाळांना लावून पाहायचे. आणि एवढी सवलत मिळूनही ती मागे पडत असेल, तरच तिला अकार्यक्षम म्हणायचे. या रीतीला डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस, म्हणजेच डीईए, हे नाव पडले. लहान-मोठ्या आकारमानाचा फरक विचारात घेणारी तिची सुधारित आवृत्ती 1984 साली राजीव बँकर, चार्न्स आणि कूपर यांनी मांडली.

डीईएची मोठी मर्यादा अशी की, सीमारेषेपासूनचे सगळे अंतर ती अकार्यक्षमतेच्या खात्यात टाकते. पाऊस दगा देतो, कीड पडते, नोंदी चुकतात. या सर्वांचा दोष शेतकऱ्याच्याच माथी येतो. दुसऱ्या फाट्यात ही त्रुटी टाळण्याचा प्रयत्न आहे. 1977 साली एग्नर, लव्हेल आणि श्मिट यांनी, तसेच स्वतंत्रपणे म्यूसेन आणि व्हान डेन ब्रुक यांनी, उत्पादनातील तुटीचे दोन भाग पाडले. एक भाग नशिबाचा. तो दोन्ही बाजूंना जाऊ शकतो. दुसरा अकार्यक्षमतेचा, तो नेहमी खालीच ओढतो. ही पद्धत स्टोकॅस्टिक फ्रंटियर अ‍ॅनालिसिस या नावाने ओळखली जाते. पण तिलाही किंमत मोजावी लागते. उत्पादन फलनाचे, म्हणजे निविष्ठा आणि उत्पादन यांच्या नात्याचे, रूप आणि अकार्यक्षमतेचे संभाव्यता-वितरण आधीच गृहीत धरावे लागते, आणि गृहीतक बदलले की गुणांकनही बदलू शकते.

या दोन्ही फाट्यांचे अभ्यासक एकमेकांशी वाद घालत एकाच समुदायात राहिले. 1989 साली ‘जर्नल ऑफ प्रॉडक्टिव्हिटी अ‍ॅनालिसिस’ निघाले. युरोप, उत्तर अमेरिका आणि आशिया-पॅसिफिक येथे नियमित परिषदा भरू लागल्या. ऑस्ट्रेलियातील आर्मिडेल येथे न्यू इंग्लंड विद्यापीठात टिम कोएली यांनी ‘फ्रंटियर’ आणि ‘डीप’ या दोन संगणक प्रणाली तयार करून मोफत उपलब्ध केल्या. त्यामुळे महागडी साधने परवडत नसलेल्या विद्यापीठांतही ही गणिते सुरू झाली. ज्ञान वाटून वाढते, याचा हा उत्तम दाखला आहे.

या शाखेच्या इतिहासात महाराष्ट्रातील गावांनाही स्थान आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने 1975 पासून सहा गावांचा सखोल अभ्यास सुरू केला. त्यांपैकी शिरापूर आणि कळमण ही सोलापूर जिल्ह्यातील, तर कंझरा आणि किनखेड ही अकोला जिल्ह्यातील. प्रत्येक गावात 40 कुटुंबे निवडली होती : भूमिहीन मजूर, लहान, मध्यम आणि मोठे शेतकरी, प्रत्येकी दहा. पाहणी करणारे तरुण गावातच मुक्काम करत आणि तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक घरी जाऊन मजुरी, बैलकाम, बियाणे आणि पीक यांच्या नोंदी घेत. एकाच शेतकऱ्याची दहा-दहा वर्षांची अशी माहिती जगात दुर्मीळ होती. जॉर्ज बॅटीज आणि कोएली यांनी तिच्यावर काम केले. याच सहा गावांपैकी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील औरेपल्लीच्या भातशेतीवरचा त्यांचा 1992 चा निबंध या क्षेत्रात सतत उद्धृत होतो. 1996 साली त्यांनी औरेपल्लीसोबत कंझरा आणि शिरापूर घेतले आणि शेतकऱ्याचे वय, शिक्षण आणि धारणक्षेत्र यांचा अकार्यक्षमतेशी संबंध तपासला. तिन्ही गावांचे निष्कर्ष सारखे आले नाहीत. एका गावाचे उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही, हे यातून दिसले.

या पद्धती आता कारभारातही उतरल्या आहेत. नॉर्वेच्या वीज नियामकाने वितरण कंपन्यांचे अनुज्ञेय उत्पन्न ठरवताना डीईएचा आधार घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने 2000 साली 191 देशांच्या आरोग्यव्यवस्थांची क्रमवारी लावली. तीत फ्रान्स पहिला आणि भारत 112 वा होता. तिच्यावर कडाडून टीका झाली. विल्यम ग्रीन यांनी 2004 साली दाखवले की, देशादेशांतील मूलभूत भिन्नता वेगळी काढली नाही तर तीच अकार्यक्षमता म्हणून मोजली जाते. गरिबी, विषमता आणि लोकवस्तीची रचना यांचा भार मग आरोग्यसेवेच्या माथी बसतो.

म्हणून शाळा, दवाखाना, बँक किंवा शेतकरी यांची क्रमवारी समोर आली की तीन गोष्टी विचाराव्यात. तुलना कोणाशी केली आहे? कोणती फलिते मोजली आणि कोणती वगळली? नशिबाचा आणि परिस्थितीचा वाटा वेगळा काढला आहे का? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर कार्यक्षमतेचा आकडा सुधारणेची जागा दाखवतो. ती न मिळताच आकड्यावरून अनुदान कापणे किंवा शाळा बंद करणे हा अन्याय आहे, आणि तो थांबवणे हे आकडे वाचणाऱ्या प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे.