दोन गिअरबॉक्सचा नांगर



जुन्या ट्रकच्या भंगारातून शेतकऱ्यानं घरी बांधलेल्या ट्रॅक्टरविषयी मी आज बोलणार आहे. असं यंत्र दिसलं की आपण कौतुक करतो, फोटो काढतो आणि पुढं जातो. ते चालतं कसं, हे मात्र कुणी विचारत नाही. मला आज तेवढंच सांगायचं आहे, कारण या यंत्रामागं पक्कं गणित आहे.

अमेरिकेत 1929 नंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि कारखान्यातला ट्रॅक्टर लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेला. त्याच्या परसात फोर्डच्या जुन्या गाड्या मात्र पडून होत्या. 1908 ते 1927 या काळात मॉडेल टी दीड कोटींच्या घरात विकली गेली होती. त्यानंतर मॉडेल ए ही मोटार आली आणि तिचंच इंजिन घेऊन दीड टनी डबल ए हा ट्रक आला. 1932 साली अ‍ॅलिस-चामर्स कंपनीनं ट्रॅक्टरला हवेचे टायर बसवून दाखवले. शेतात दातेरी लोखंडी चाकच हवं, ही समजूत तिथं मोडली आणि ट्रकची चाकंही शेतात चालतील अशी आशा निर्माण झाली. पुढं दुसऱ्या महायुद्धात पोलाद आणि रबर लष्कराकडं वळलं, नवा ट्रॅक्टर मिळेना. मग खेडोपाडी चेसिस कापून आखूड केल्या गेल्या. या ट्रॅक्टरांना लोक ‘डूडलबग’ म्हणत. सिअर्ससारख्या टपालानं माल पाठवणाऱ्या कंपन्या मोटारीचा ट्रॅक्टर करायचे तयार संचसुद्धा विकत.

आता गणिताकडं येऊ. मॉडेल ए चं इंजिन 40 अश्वशक्तीचं. मिनिटाला 2000 फेऱ्यांवर ते चालवलं, तर मोटार पहिल्या गिअरमध्ये ताशी 24 किलोमीटरच्या आसपास पळते. नांगरटीला हवा असतो ताशी पाच किलोमीटरचा वेग. इंजिन मंद केलं तर त्याचा जोरच जातो, आणि फाळ पहिल्या ढेकळाला अडतो. म्हणजे इंजिन वेगानं फिरलं पाहिजे आणि चाक सावकाश.

त्यावरचा तोडगा म्हणजे एकामागं एक दोन गिअरबॉक्स. इंजिनाला लागून मोटारीची तीन गिअरची पेटी, तिच्यामागं डबल ए ट्रकची चार गिअरची पेटी आणि शेवटी ट्रकचाच मागचा अ‍ॅक्सल. मोटारीच्या पेटीचा पहिला गिअर 3.12 ला एक, ट्रकच्या पेटीचा दुसरा 3.09 ला एक आणि अ‍ॅक्सलचं क्राउन-पिनियन 6.6 ला एक. गुणाकार केला की साधारण 64 येतात. इंजिनाच्या 64 फेऱ्यांना चाकाची एक फेरी, आणि वेग ताशी पाच किलोमीटरच्या जरा खाली. ट्रकच्या पेटीचाही पहिला गिअर टाकला तर हाच आकडा 130 च्या वर जातो आणि गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू सरकते. नांगरटीचा वेग आपोआप हाताशी येतो, हे गणित मला फार सुंदर वाटतं. कागदपेन्सिल घेऊन ते सोडवणाऱ्यांत शाळा अर्धवट सुटलेले लोकही होते.

यातली खरी समज पेट्यांच्या क्रमात आहे. फेऱ्या जितक्या पटीनं कमी होतात, घर्षणात जाणारा वाटा सोडला तर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, तितक्या पटीनं वाढतो. पुढच्या पेटीला इंजिनाचा जोर जसाच्या तसा सोसावा लागतो, मागच्या पेटीला तो तिप्पट होऊन मिळतो. म्हणून नाजूक पेटी पुढं आणि दणकट मागं. हा क्रम उलटा केला की दाते उडतात. अ‍ॅक्सल ट्रकचाच हवा तो याच कारणानं. मोटारीचा शाफ्ट या ओझ्यानं पिळून तुटतो.

मागच्या चाकांवर वजन घालणं, हळू चालताना रेडिएटरला वारा मिळत नाही म्हणून पंख्याची काळजी घेणं, ही कामं त्यामानानं सोपी. इंजिनाचा वेग आपोआप स्थिर राखणारा गव्हर्नर बहुतेक डूडलबगांना नसायचा, तो पायानंच सांभाळायचा.

एका गोष्टीची भीती मात्र मी मुद्दाम घालणार आहे. नांगराचा हूक अ‍ॅक्सलच्या वर बांधला आणि फाळ झाडाच्या मुळात अडकला, तर चाकं थांबतात आणि चेसिस अ‍ॅक्सलभोवती फिरू लागते. पुढची चाकं उचलली जातात आणि गाडी चालकाच्या अंगावर उलटते. क्लच दाबायलाही अवधी मिळत नाही. चेसिस आखूड केलेली असली की धोका वाढतोच. हूक अ‍ॅक्सलच्या खालीच हवा, याला पर्याय नाही.

स्वीडननं या बाबतीत शहाणपणा दाखवला. तिथंही युद्धकाळात जुन्या मोटारी आणि ट्रक कापून ट्रॅक्टर झाले. स्वस्त मालाच्या एका दुकानसाखळीवरून त्यांना ‘ईपीए’ हे नाव पडलं. सरकारनं त्यांच्यावर बंदी घातली नाही, नियम केले. पुढं 1975 पासून त्यांची जागा ‘ए-ट्रॅक्टर’ या प्रकारानं घेतली. ताशी 30 किलोमीटरची मर्यादा असलेली ही वाहनं तिथली किशोरवयीन मुलं आजही चालवतात. नव्या ट्रॅक्टरवर चालकाला वाचवणारा सांगाडा सक्तीचा केला तोही स्वीडननंच, 1959 साली.

आपल्याकडं गुजरातच्या अमरेली जिल्ह्यात मनसुखभाई जगानी यांनी बुलेट मोटरसायकलवर ‘बुलेट सांती’ हे शेतीयंत्र उभं केलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम आणि लेथवरचं कसब पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. हात आपल्याकडं आहेत. म्हणून इथं बसलेल्या आयटीआयच्या आणि तंत्रनिकेतनाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या वर्षी भंगारातल्या दोन गिअरबॉक्स आणा, मुलांना त्या उघडू द्या, दाते मोजून गुणोत्तर काढू द्या. आणि ट्रॅक्टर उभा राहिलाच, तर चालकाच्या डोक्यावरचा सांगाडा आधी वेल्ड करा, नांगर नंतर जोडा.