अस्सल गणवेश आणि अर्धा इतिहास

फ्रान्सने इंडोचायनात १९४६ ते १९५४ पर्यंत लढलेल्या वसाहतवादी युद्धातील प्रसंग हुबेहूब उभे करणारी हौशी मंडळी पाश्चात्त्य देशांत आहेत. छत्रीधारी सैनिकाचा १९४७ च्या नमुन्याचा डगला, पट्टा, बूट असे अस्सल साहित्य ती चिकाटीने जमवितात. हा छंद हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण प्रामाणिकपणे जमविलेले साहित्य युद्धाचे अर्थकारण उघड करते. डगला फ्रेंच असला तरी शिरस्त्राण पुष्कळदा अमेरिकी असे. अखेरच्या काळात तर युद्धखर्चाचा मोठा वाटा अमेरिकेनेच उचलला. सक्तीने भरती केलेले फ्रेंच तरुण तेथे धाडले गेले नाहीत. मोरोक्को, अल्जीरिया, सेनेगल येथील गरिबांची मुले मात्र धाडली गेली. एका वसाहतीने दुसरीला जखडावे, हीच साम्राज्यशाहीची रीत.

समोरच्या व्हिएत-मिन्ह सैनिकाच्या पायांत जुन्या टायरच्या चपला होत्या. त्याचा तांदूळ आणि दारूगोळा असंख्य शेतकऱ्यांनी खांद्यावरून व सायकलींवर लादून डोंगरापार नेला. या श्रमांवाचून ७ मे १९५४ रोजी दिएन बिएन फू पडले नसते. गुंडी अस्सल, पण सायकल ढकलणारा शेतकरी गैरहजर, असा देखावा इतिहासाचा अर्धा भागच दाखवितो. उरलेला अर्धा भाग मांडणे हे समाजवाद्यांचे काम आहे.