धातूंचे सूक्ष्मकण, कर्करोग आणि आपला निधी
(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



सोन्याच्या सूक्ष्मकणांनी कर्करोग बरा होतो, अशा बातम्या अधूनमधून वाचनात येतात. हा उपचार देणगीतून जामखेडला आणता येईल काय, असे दाते विचारतात. त्याची वाट पाहत चालू उपचार थांबवावेत काय, असे नातेवाईक विचारतात. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वैद्य नव्हे. तथापि निधीचा हिशेब सांभाळणाऱ्याने प्रसिद्ध संशोधनाच्या आधारे या प्रश्नांची उत्तरे देणे उचित होय.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. सोन्याचा मुलामा दिलेले असे सूक्ष्मकण गाठीत पोहोचले आणि त्यांवर अवरक्त लेसर किरण सोडले, की ते तापतात व भोवतालच्या पेशी नष्ट होतात. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाच्या १६ रुग्णांवर अमेरिकेत झालेला असा प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. हाफ्नियम या धातूच्या ऑक्साइडचे कण गाठीत टोचल्यास तेथे किरणोपचाराचा प्रभाव वाढतो. १८० रुग्णांच्या चाचणीत, शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ जवळजवळ निर्जीव आढळण्याचे प्रमाण केवळ किरणोपचाराने ८ टक्के, तर या कणांसह १६ टक्के होते. त्यास युरोपात २०१९ साली मान्यता मिळाली, तीही मृदू ऊतींच्या एका विरळ कर्करोगापुरती. आशा खरी आहे, परंतु अद्याप मोजक्या रुग्णांची आहे. सुवर्णभस्मातही सोन्याचे अतिसूक्ष्म कण आढळले आहेत; म्हणून त्याने कर्करोग बरा होतो, असे सिद्ध होत नाही.

मात्र धातूपासून बनलेले एक औषध आपल्या आवाक्यात आहेच. प्लॅटिनमपासून तयार होणाऱ्या सिस्प्लॅटिनचा गुण १९६५ साली बार्नेट रोझेनबर्ग यांच्या प्रयोगात योगायोगाने लक्षात आला, आणि १९७८ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने गर्भाशयमुखाचा कर्करोग तिसऱ्या टप्प्यापर्यंत वाढलेल्या ८५० स्त्रियांची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी ४६ टक्के स्त्रिया हयात होत्या. सोबत दर आठवड्यास सिस्प्लॅटिन घेतलेल्यांपैकी ५४ टक्के. शंभरामागे आठ माता-भगिनी अधिक वाचल्या, त्या एका जुन्या व तुलनेने स्वस्त औषधाने.

हा लाभ उपचार पूर्ण केल्यासच मिळतो. आठवड्यामागून आठवडे शहरात राहणे, रोजंदारी बुडणे, प्रवासखर्च यांपायी उपचार अर्धवट सुटतात. म्हणून माझी विनंती अशी, की कर्करोग निधी यंत्रांवर न खर्चता रुग्णांच्या प्रवासावर, निवासावर आणि येथेच होऊ शकणाऱ्या रक्ततपासण्यांवर खर्च व्हावा. सिस्प्लॅटिनमुळे मूत्रपिंडास इजा संभवते; त्यामुळे या तपासण्या टाळून चालत नाहीत.

दुसरी विनंती लवकर निदानाची. शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा स्मारक आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या सहभागाने सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गावांत एचपीव्ही विषाणूची एकवेळ तपासणी झाली, तेथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले.

नातेवाईकांना नम्रपणे सांगतो : नव्या औषधाच्या आशेवर चालू उपचार सोडू नका, आणि कोणी सोन्याच्या औषधासाठी दागिने विकावयास सांगितले तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.