शरीराचा ताण : घटकाभराचा आणि वर्षानुवर्षांचा

(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी डॉक्टर आहे. पीकपाण्याचे तुम्हांला मी काय सांगावे? परंतु आजच्या विषयाचा निम्मा भाग तुम्हांला ठाऊकच आहे. संत्रा-मोसंबीचा बहार धरण्यासाठी आपण बागेचे पाणी तोडतो. त्याला आपण ताणच म्हणतो. हलक्या जमिनीत तो कमी दिवसांचा, भारी जमिनीत जास्त. ताण मोजका बसला तर झाड फुलते. पाणी वेळेवर सोडले नाही तर फांद्या वाळतात, झाड खचते. माणसाच्या शरीराचेही बरेचसे असेच आहे.

आधी थोड्या वेळाचा ताण पाहू. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला निघालात आणि बॅटरीच्या उजेडात पायाशी साप दिसला. विचार करण्यापूर्वीच तुम्ही मागे उडी मारलेली असते. मेंदूचा इशारा मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना पोचतो व त्या अ‍ॅड्रिनॅलिन हे संप्रेरक रक्तात सोडतात. छाती धडधडते, श्वास वाढतो, तोंडाला कोरड पडते. यकृत आपल्या साठ्यातील साखर रक्तात ओतते. पोटाकडचे रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते. जखम झालीच तर रक्त कमी जावे म्हणून ते लवकर गोठण्याचीही तयारी होते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1915 साली आपल्या ग्रंथात हे सविस्तर मांडले. जनावरांतही हेच घडते. धार काढताना कुत्रे भुंकले, अनोळखी माणूस आला, की म्हैस पान्हा चोरते. ती खोडी नव्हे. घाबरल्यावर तिच्या रक्तात उतरलेले अ‍ॅड्रिनॅलिन पान्हा सोडणाऱ्या संप्रेरकाला अडवते. तिला मारले तर दूध आणखी आटते, हे आमच्या घरी मी लहानपणी पाहिले आहे.

साप निघून गेला की अर्ध्या-पाऊण तासात शरीर पूर्वपदावर येते. हा ताण वाईट नाही. त्याच्याच जोरावर आपण जिवंत आहोत.

पण साप गेलाच नाही तर? बँकेची नोटीस, सोसायटीचे थकलेले कर्ज, लांबलेला पाऊस, बाजारात पडलेला भाव, मुलीचे लग्न. यांच्यापासून पळता येत नाही आणि यांना काठीने मारताही येत नाही. शरीराला मात्र फरक कळत नाही. ते धोक्याचा तोच इशारा रोज देत राहते. अशा वेळी अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरकही वारंवार व जास्त स्रवत राहते. थोडा काळ ते उपयोगाचे आहे, कारण ते शरीराला इंधन पुरवते. महिनोन्‌महिने वाढलेले राहिले, की तेच अंगावर उलटते. रक्तदाब वाढतो. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात राहत नाही. पोटाचा घेर वाढतो, जखमा उशिरा भरतात, सर्दी-पडसे सारखे होते. पहाटे तीनला जाग येते व पुन्हा डोळा लागत नाही. विसरायला होते, लहानशा गोष्टीवरून घरात चिडचिड होते. हान्स सेल्ये यांनी 1936 साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की त्रास कोणताही असो, तो फार काळ चालला तर शरीर आधी तोंड देते आणि शेवटी थकते.

‘दिवसभर राबणाऱ्याला कसला आलाय रक्तदाब?’ असे मला नेहमी विचारतात. श्रमाने हृदय बळकट होते हे खरे, पण रात्रीची काळजी श्रमाने फिटत नाही. शिवाय वाढलेल्या रक्तदाबाचे बहुधा काहीच लक्षण दिसत नाही. तो यंत्रानेच मोजावा लागतो.

काळजी विसरायला आपण तंबाखू मळतो. तंबाखूतील निकोटीन अ‍ॅड्रिनॅलिनच वाढवते, म्हणजे विझवायला गेलो आणि रॉकेल ओतले! दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण उत्तररात्री ती मोडते. त्यापेक्षा झोपण्यापूर्वी दहा मिनिटे सावकाश श्वास घ्या आणि श्वास घ्यायला लागतो त्याहून जास्त वेळ तो सोडायला लावा. नाडी मंदावते, करून पाहा. याने कर्ज फिटणार नाही, हे मलाही कळते. परंतु मन जरा थाऱ्यावर असले तर बँकेत काय बोलायचे ते सुचते. कर्जाचा आकडा बायकोपासून लपवू नका. बहुतेक घरांत तिला तो अंदाजाने माहीत असतोच.

आता एक अवघड गोष्ट. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 साली देशात शेतीवर जगणाऱ्या 11,290 माणसांनी आत्महत्या केली, आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातली होती. घरातला माणूस बोलेनासा झाला, जेवण सुटले, ‘माझ्यामागे तुमचे बरे होईल’ असे म्हणू लागला, तर तो नाटक करतोय असे समजू नका. त्याला सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे घरात साठवू नका, लागतील तेवढीच आणा. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आहे व तेथे मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही मनोविकारतज्ज्ञाकडे दाखवता येते. झोप व मनाच्या उदासीवर औषधे आहेत आणि ती घेणारा वेडा ठरत नाही.

मंडपाबाहेर रक्तदाब तपासण्याची सोय केली आहे. चहा आणि तंबाखू नंतर घ्या, आधी पाच मिनिटे शांत बसा, मग हात पुढे करा. चाळिशीच्या पुढच्यांनी आधी यावे. बायकांसाठी वेगळी रांग आहे.