चार सेकंदांचा हिशेब

हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या. आज मी एका सायकल शर्यतीची गोष्ट सांगणार आहे. शर्यत आपल्याकडची नाही, दूर फ्रान्समधली आहे. पण गटाच्या वहीत रुपया-रुपयाचा हिशेब मांडणाऱ्या बायकांना ती लगेच समजेल. कारण सात दिवस सायकल चालवून त्या शर्यतीचा निकाल लागला तो फक्त चार सेकंदांनी.

शर्यतीचं नाव टूर द फ्रान्स फेम, म्हणजे बायकांची टूर द फ्रान्स. पुरुषांची शर्यत १९०३ पासून चालू आहे. बायकांची १९८४ ते १९८९ अशी सहा वर्षं झाली आणि बंद पडली. नंतर वेगवेगळ्या नावांनी लहानमोठ्या शर्यती झाल्या, पण त्या टिकल्या नाहीत. २०२२ मध्ये ती नव्यानं सुरू झाली, तेव्हा संचालक म्हणून नेमली मरिऑन रूस हिला. ती स्वतः फ्रान्सची राष्ट्रीय विजेती सायकलपटू होती.

ही एका दिवसाची शर्यत नसते, टप्प्यांची असते. रोज एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं. प्रत्येकीला किती वेळ लागला ते लिहायचं आणि रोजची बेरीज करत जायची. जिची बेरीज सगळ्यांत कमी, ती पुढे. तिला पिवळी जर्सी मिळते. शिवाय बहुतेक टप्प्यांत पहिल्या तिघींना बक्षीस म्हणून १०, ६ आणि ४ सेकंद वजा करून मिळतात. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता मार्ग कसा आखतात ते बघू. पहिल्याच दिवशी मोठा घाट ठेवला, तर दमदार बाई पहिल्याच दिवशी पुढे निघून जाईल आणि पुढचे दिवस कुणी बघणार नाही. म्हणून २०२४ च्या शर्यतीत सुरुवात नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या सपाट रस्त्यांवर झाली. तिथं वेगानं धावणाऱ्या पोरींची चलती. मग ६.३ किलोमीटरची एकटीची शर्यत, तिथं कुणाचाच आडोसा नाही. मग बेल्जियममधले छोटे-छोटे चढ. आणि सगळ्यांत अवघड डोंगर राखून ठेवले अगदी शेवटी.

दुसरी गोष्ट संघाची. प्रत्येक संघात सात जणी. सायकल चालवताना खरा शत्रू वारा. पुढची वारा अंगावर घेते, मागची तिच्या चाकाला चाक लावून चालते आणि तिचे बरेच श्रम वाचतात. म्हणून सात जणींतली एक प्रमुख असते आणि बाकीच्या तिच्यासाठी वारा झेलतात, मागे गाडीपाशी जाऊन पाण्याच्या बाटल्या आणतात, वेळ पडली तर स्वतःची सायकल तिला देतात. फोटोत मात्र त्या दिसत नाहीत. हे काम पोटाला मिळाल्याशिवाय कोण करणार? पुष्कळ वर्षं बायका दुसरी नोकरी सांभाळून शर्यतीत उतरत होत्या. २०२० पासून पहिल्या दर्जाच्या संघांना किमान पगार द्यावाच लागतो. मदतनीस बाईला पगार मिळू लागला, म्हणून संघाची अशी आखणी जमू लागली.

आता त्या चार सेकंदांकडे येऊ.

चार टप्पे झाले तेव्हा पिवळी जर्सी होती नेदरलँड्सच्या देमी फोलरिंगच्या अंगावर. आदल्या वर्षीची विजेतीही तीच. पोलंडची कासिया निएवियादोमा तिच्या ३४ सेकंद मागे होती.

पाचवा टप्पा संपायला सुमारे सहा किलोमीटर उरले होते. घोळका जोरात होता. एक वळण आलं आणि धडाधड सायकली आडव्या झाल्या. देमीही पडली. अगदी शेवटच्या ठराविक अंतरात कुणी पडलं, तर तिचा वेळ धरत नाहीत. पण ही जागा त्याच्या अलीकडची होती. घड्याळ चालूच राहिलं.

आणि इथं पेच आहे. त्या दिवशी पहिली आली ब्लांका वाश, हंगेरीची पोरगी आणि देमीच्याच संघातली. म्हणजे प्रमुख बाई मागे रस्त्यावर पडलेली आणि तिची साथीदार पुढे जिंकून गेली. देमी १ मिनिट ४७ सेकंद उशिरा पोचली. दुसरी आली कासिया, तिला वर ६ सेकंदांचं बक्षीस. आता वही काढा. कासिया ३४ सेकंद मागे होती, ती एका संध्याकाळी १ मिनिट १९ सेकंद पुढे गेली.

संघ थांबला का नाही? पुढे असलेल्यांना मागचं कळलं होतं का? यावर नंतर खूप चर्चा झाली. मी ब्लांकाला दोष देणार नाही. तिचाही तो आयुष्यातला मोठा दिवस होता. आणि हिशेबच करायचा, तर ती पहिली आली म्हणून कासियाला १० च्या जागी ६ सेकंदच मिळाले. म्हणजे तिनं देमीचे ४ सेकंद वाचवलेही. पण मागे वळून दोघी-तिघींनी देमीसाठी वारा झेलला असता, तर किती सेकंद वाचले असते? ते कोणत्याच वहीत लिहिलेलं नाही.

सातव्या टप्प्यात देमी तिसरी आली आणि तिनं ४ सेकंद परत मिळवले. अंतर राहिलं १ मिनिट १५ सेकंद. उरला शेवटचा दिवस, १८ ऑगस्ट. दीडशे किलोमीटर. आधी ग्लांदोंचा घाट, जवळजवळ २० किलोमीटर चढाचा. मग उतार आणि दरीतला सपाट रस्ता. मग आल्प द्युएझ, जवळजवळ १४ किलोमीटर चढ आणि २१ वळणं.

ग्लांदोंचा माथा जवळ आला तशी देमी सुटली. तिच्या मागे टिकली एकटी पॉलिएना रॉयाकर्स, दुसऱ्या संघाची. कासिया मागे पडली. वाटलं, संपलं. पण मधली दरी आठवा. दोन घाटांमधला तो सपाट रस्ता हीच मार्ग आखणाऱ्यांची खुबी. चढावर एकटीचा दम चालतो, सपाटीवर वारा लागतो आणि तिथं सोबत हवी. देमीच्या संघातली एकही तिथं तिच्याजवळ नव्हती. पॉलिएनाला स्वतःचा क्रमांक बघायचा होता, म्हणून बहुतेक ओढ देमीनंच काढली. मागे कासियाच्या गटात इतर संघांच्या बायका होत्या. त्यांनाही आपापला क्रमांक राखायचा होता. त्यांच्या कामाचा आडोसा कासियालाही मिळाला.

देमीनं तो टप्पा जिंकला. १० सेकंदांचं बक्षीस मिळालं. रेषा ओलांडून ती खाली कोसळली आणि सगळे घड्याळाकडे बघत राहिले. कासिया १ मिनिट १ सेकंद उशिरा आली. आता वजाबाकी करा: ७५ मधून ६१ गेले, उरले १४. त्यातून १० गेले, उरले ४.

चार सेकंदांनी कासिया जिंकली. त्या वर्षी तिनं एकही टप्पा जिंकला नव्हता. देमीनं दोन जिंकले होते, तरी ती हरली. पाचव्या टप्प्यात कासियाला मिळालेले ते ६ सेकंद नसते, तर निकाल उलटा लागला असता.

देमी शेवटच्या डोंगरावर हरली असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. ती हरली त्या सहा किलोमीटरमध्ये, जिथं ती उठून उभी राहिली आणि तिला तातडीनं आडोसा हवा होता. सगळ्यांत मोठा घाट चढायला तिच्या अंगात बळ होतं. पण आधीच गेलेला वेळ एकटीच्या बळावर भरून निघाला नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हिशेब वाचून झाला की एक प्रश्न घ्या. आपल्यातली एखादी आजारपणानं, कर्जानं, घरच्या कटकटीनं मागे राहिली, तर ते पुढे असलेल्यांना कळतं का? कोण कळवतं? आणि कळल्यावर कोण थांबायचं, हे आधी ठरलेलं आहे का? पडल्यावर ठरवायला बसलो, तर घड्याळ थांबत नाही.

आणि पाण्याच्या बाटल्या आणणाऱ्या त्या बायकांची आठवण ठेवा. आपल्या गटातही तशा आहेत. त्यांची नावं एकदा मोठ्यानं घ्या.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.